निरंक अहवाल कोण तपासतो?

शैक्षणिक वर्ष संपत आलं की कॉलेजच्या कार्यालयात एक नमुना भरायचा असतो. लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती प्रलंबित. नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी काही वर्षं बाहेरची सदस्य होते. एका मार्च महिन्यात तिथल्या बाबूंनी तो नमुना माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "मॅडम, मागच्या सालासारखंच निरंक टाकून देऊ ना?"

त्या वर्षी तीन मुली माझ्याशी बोलून गेल्या होत्या. एकीच्या मागे हॉस्टेलच्या रस्त्यावर रोज एक मोटरसायकल लागायची. दुसरीचे फोटो वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होते. तिसरी प्रयोगशाळेत एकटी थांबायला घाबरत होती, आणि त्याचं कारण तिनं अर्धवटच सांगितलं. तिघींपैकी एकीनंही लेखी अर्ज दिला नाही. "अर्ज केला तर घरी कळेल, घरी कळलं तर शिकणं बंद," असं त्यातली एक म्हणाली. ती गोंदियाकडची होती, नागपुरातल्या नंदनवन वस्तीत तीन मैत्रिणींसोबत खोली करून राहत होती.

बाबू खोटं बोलत नव्हते. लेखी तक्रारी शून्य होत्या, म्हणून रकान्यात 'निरंक' बसत होतं. हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे. कॉलेजच्या आवारातले गुन्हे कोण मोजतं, ती मोजणी बरोबर आहे का हे कोण पाहतं, आणि सरकारची देखरेख घट्ट करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजून घेऊ.

आधी एक साधी गोष्ट. गावात डेंग्यूचे रुग्ण किती, हे दवाखान्यानं तपासण्या किती केल्या त्यावर ठरतं. तपासण्याच केल्या नाहीत तर रुग्ण शून्य. गुन्ह्यांचंही तसंच आहे. ज्या कॉलेजात मुली विश्वासानं तक्रार करतात तिथं आकडा मोठा दिसतो, आणि जिथं तोंड उघडायची सोय नाही तिथं तो शून्य दिसतो. त्यात मोजणारा आणि ज्याची अब्रू त्या मोजणीवर अवलंबून आहे तो एकच असेल, तर आकडा खाली ठेवण्याकडेच त्याचा कल राहणार. प्राचार्य वाईट असायला लागत नाहीत. जूनमध्ये प्रवेश भरायचे आहेत, कॉलेजांना दर्जा ठरवून देणाऱ्या नॅकची समिती यायची आहे, संस्थाचालकांचा फोन येणार आहे, एवढं पुरतं.

या प्रश्नावर स्वतंत्र कायदा करणारा देश अमेरिका. ५ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी ही १९ वर्षांची विद्यार्थिनी हॉस्टेलच्या खोलीत झोपलेली असताना तिच्यावर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. मारणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. हॉस्टेलची आपोआप बंद होणारी दारं कुणीतरी अडकण लावून उघडी ठेवली होती, त्यातून तो आत आला. त्या आवारात आधी किती गुन्हे झाले होते हे तिच्या आईवडिलांना नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मुलीला तिथं पाठवलंच नसतं, हे त्यांचं दुःख होतं. कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी यांनी त्यानंतर लढा दिला आणि १९९० साली कायदा झाला. पुढे त्याला जीनचं नाव मिळालं.

हा कायदा काय करायला लावतो? सरकारी पैसा किंवा विद्यार्थ्यांची सरकारी शिष्यवृत्ती, कर्ज यांचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजनं दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे जाहीर करायचे. कुठल्या गुन्ह्याला काय म्हणायचं, हे सगळ्यांसाठी एकच ठरलेलं. आवारातली घटना, हॉस्टेलमधली घटना, कॉलेजच्या ताब्यातल्या बाहेरच्या इमारतीतली घटना आणि आवाराला लागून असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरची घटना, सगळं मोजायचं. हा शेवटचा भाग आपल्याकडे आणून पाहा. नागपूरच्या लॉ कॉलेज चौकात संध्याकाळी सहा वाजता फाटकाबाहेर मुलीवर लैंगिक हल्ला झाला, तर आपल्याकडे ती घटना 'बाहेरची' होते आणि कॉलेजचा हिशेब स्वच्छ राहतो. तिथं ती कॉलेजच्या आकड्यात येते.

दुसरी तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. वॉर्डन, क्रीडा प्रशिक्षक, विद्यार्थी कल्याण पाहणारे अधिकारी अशा लोकांच्या कानावर एखादा गुन्हा आला, तर त्यांनी तो मोजणीसाठी कळवायचाच असतो. लेखी अर्जाची वाट पाहायची नाही, पीडितेचं नाव द्यायचीही गरज नाही. घटना कुठं झाली, कधी झाली आणि कुठल्या प्रकारची, एवढं पुरतं. माझ्या त्या तीन मुलींपैकी निदान जिचा पाठलाग होत होता ती तिथल्या हिशेबात आली असती, आणि घरी कुणाला काही कळलं नसतं.

याशिवाय ज्या कॉलेजांना स्वतःचं सुरक्षा दल आहे त्यांना रोजची गुन्हे नोंदवही ठेवावी लागते आणि ती कुणालाही पाहता येते. धोका समोर असेल तर विद्यार्थ्यांना लगेच सावध करावं लागतं. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास हॉस्टेलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या गेल्या आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला जवळजवळ साडेनऊला. त्यानंतर काही मिनिटांतच मारेकऱ्यानं वर्गखोल्यांत शिरून आणखी ३० जणांना मारलं. उशिरा सावध केल्याबद्दल विद्यापीठाला दंड झाला.

दंडाचे आकडे आता मोठे झाले आहेत. २०१९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाला ४५ लाख डॉलर, २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये कायद्यात भर पडली आणि हेझिंग, म्हणजे आपण ज्याला रॅगिंग म्हणतो, तेही मोजणीत आलं.

एवढं सगळं असून 'निरंक' तिथंही आहे. २०१५ सालचे जे आकडे कॉलेजांनी दिले, त्यात ८९ टक्के आवारांनी बलात्काराच्या एकाही घटनेची नोंद नसल्याचं कळवलं होतं. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या संघटनेनं हे आकडे पडताळून मांडले. हॉस्टेलं, हजारो तरुण मुलंमुली आणि वर्षभरात एकही घटना नाही, यावर कुणाचा विश्वास बसेल? त्याच वर्षी कॅन्सस विद्यापीठातल्या कायद्याच्या एका प्राध्यापकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारी तपासणी सुरू असताना विद्यापीठांनी कळवलेल्या लैंगिक हल्ल्यांचा आकडा सुमारे ४४ टक्क्यांनी वाढला आणि तपासणी संपल्यावर तो पुन्हा पहिल्या पातळीला आला, असं त्यांना आढळलं. तपासणीच्या काळात गुन्हे वाढले आणि तपासणी करणारे गेल्यावर कमी झाले, असं तर होणार नाही. वाढली ती मोजणी. तपासणारा दाराशी उभा होता तोवरच हिशेब जास्त खरा होता.

आता आपल्याकडे काय आहे ते बघू.

आपल्याकडे असा एक कायदा नाही, तुकडे आहेत. त्यातला सगळ्यात जुना तुकडा महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यातलं कमी माहीत असलेलं कलम संस्थाप्रमुखाबद्दल आहे. तक्रार येऊनही प्रमुखानं ठरलेली कारवाई केली नाही तर त्यानं त्या गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं आणि त्याला शिक्षा होऊ शकते. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या विधिमंडळानं हे लिहून ठेवलं आहे. लपवणाऱ्यालाही गुन्हेगार धरायचं, हा विचार आपल्याला बाहेरून आणायला नको.

नंतर मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी रॅगिंगमध्ये मारला गेला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, रॅगिंगविरोधी विनियम आले. प्रत्येक विद्यार्थ्यानं आणि पालकानं हमीपत्र द्यायचं. कॉलेजात समिती आणि पथक नेमायचं. फौजदारी गुन्हा दिसला तर प्रमुखानं २४ तासांत एफआयआर दाखल करायचा. पहिले तीन महिने प्राचार्यांनी दर आठवड्याला कुलगुरूंकडे अहवाल पाठवायचा, नंतर दर महिन्याला. कुलगुरूंनी दर पंधरवड्याला राज्यस्तरीय कक्षाकडे. आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या हद्दीत नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात, त्यातली शेकडो महाविद्यालयं. आठवड्याला प्रत्येकाचा एक कागद धरा. त्यातल्या बहुतेक कागदांवर कोणता शब्द असेल, हे ज्यांनी कॉलेजच्या कार्यालयात काम केलं आहे त्यांना सांगायला नको.

दुसरा तुकडा लैंगिक छळाचा. २०१३ चा कायदा नोकरदार महिलांसाठी होता. विद्यार्थिनींना त्या चौकटीत आणणारे यूजीसीचे २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात आले. हे विनियम मी जेवढ्या वेळा वाचले तेवढ्या वेळा वाटलं की लिहिणाऱ्यानं मनापासून लिहिले आहेत. आवाराची व्याख्या मोठी आहे. हॉस्टेल, कॅन्टीन, पार्किंग, कॉलेजची बस, शैक्षणिक सहल, इंटर्नशिपची जागा, खेळांच्या स्पर्धा, सगळं त्यात येतं. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा मोठ्या पदावरच्या माणसाला समितीवर घ्यायचं नाही. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी समितीत हवेत. चौकशी ९० दिवसांत संपवायची. वर्षाला किती प्रकरणं आली, काय झालं, याचा अहवाल यूजीसीला द्यायचा. आणि कॉलेजनं नियम धाब्यावर बसवले तर यूजीसी अनुदान थांबवू शकते, विद्यापीठाला संलग्नता काढून घ्यायची शिफारस करू शकते, इतकंच काय, हे कॉलेज लैंगिक छळाबाबत गंभीर नाही असं वर्तमानपत्रातून जनतेला कळवू शकते. तुम्ही अशी जाहिरात कधी पाहिली आहे? मी पाहिलेली नाही.

तिसरा भाग पोलिसांचा, आणि तो सगळ्यात विस्कळीत. हॉस्टेलमधून लॅपटॉप गेला, पार्किंगमध्ये मारामारी झाली, कुणी चाकू काढला, तर गुन्हा त्या भागातल्या ठाण्यात नोंदला जातो आणि शहराच्या एकूण आकड्यात मिसळून जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग २० लाखांवर लोकसंख्या असलेल्या १९ महानगरांचे आकडे वेगळे छापतो, त्यात नागपूर आहे. म्हणजे नागपुरात वर्षाला किती चोऱ्या, किती विनयभंग, हे कळतं. अमरावती रोडवरच्या विद्यापीठाच्या आवारात किती आणि हिंगणा रोडवरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात किती, हे त्यातून कळत नाही. ठाण्याला हे माहीत असतं, कारण फिर्यादीत घटनास्थळ लिहिलेलं असतं. कॉलेजलाही थोडंफार माहीत असतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

खोलीवर राहणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा. लोकमान्य नगरच्या शेवटच्या मेट्रो स्टेशनवर उतरून पुढे ऑटोनं किंवा पायी जाणारी मुलगी कुणाच्या हिशेबात? त्रिमूर्तीनगरच्या पीजीमध्ये घडलेलं कुणाच्या? आजच्या रचनेत कॉलेजच्या तरी नाही.

मग देखरेख म्हणून आज होतं काय? कागद आला का, हे पाहिलं जातं. जून २०२५ मध्ये यूजीसीनं देशातल्या ८९ संस्थांना रॅगिंगविरोधी नियम न पाळल्याबद्दल कारणे दाखवा नोटिसा काढल्या. त्यात काही आयआयटी आणि आयआयएमही होत्या. नोटिसा निघाल्या हे चांगलंच झालं. पण ठपका होता तो हमीपत्रं आणि पूर्तता अहवाल न दिल्याचा. ज्यांनी वेळेवर 'निरंक' पाठवलं त्यांना अशी नोटीस येत नाही. ते 'निरंक' खरं होतं का, हे पाहायला कोण जातं? देखरेख घट्ट करायची तर ती इथून घट्ट करावी लागेल.

माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक कॉलेजचा वर्षाचा एकच तक्ता असावा. त्यात रॅगिंग, लैंगिक छळ, पाठलाग, मारहाण, चोरी, जातीवरून छळ, सगळे रकाने असावेत आणि लेखी तक्रारींच्या शेजारी तोंडी कळलेल्या घटनांचा रकाना असावा. तो तक्ता सगळ्यांना दिसेल अशा एका सरकारी पोर्टलवर असावा. विद्यापीठानं किंवा उच्च शिक्षण विभागानं दरवर्षी चिठ्ठ्या टाकून काही कॉलेजं निवडावीत आणि तिथं जाऊन तो तक्ता ठाण्याच्या नोंदींशी, हेल्पलाइनवर आलेल्या तक्रारींशी ताडून पाहावा, मुलामुलींना नाव न विचारता प्रश्नावली द्यावी. फरक मोठा निघाला तर दंड. आकडा मोठा आहे म्हणून मात्र कुणालाही दंड नको, उलट आकडा मोठा आणि निपटारा वेळेत असेल तर ते कॉलेज चांगलं काम करतं आहे असं समजावं. हा फरक नीट पाळला नाही तर सगळंच उलटं होईल आणि लपवणं आणखी वाढेल.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकते.

पहिला आक्षेप गुप्ततेचा. कायदा सांगतो की तक्रारदाराची ओळख उघड करायची नाही, मग आकडे कसे छापणार? पण कायद्यानं मनाई आहे ती ओळखीला. किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, यातून कुणाचं नाव कळत नाही. अगदी लहान, शे-दीडशे मुलांच्या कॉलेजात 'एक' हा आकडासुद्धा ओळख सांगून जाऊ शकतो, हे मान्य. तिथं तीन वर्षांचा एकत्र आकडा द्यावा.

दुसरा आक्षेप मला झोप लागू देत नाही, कारण त्यात तथ्य आहे. एक प्राध्यापिका मला म्हणाल्या होत्या, "ताई, तुम्ही हे आकडे बाहेर काढाल आणि गडचिरोलीचा, देवरीचा बाप पोरीला नागपूरला पाठवायचंच बंद करेल." हे होऊ शकतं. ब्रम्हपुरीकडच्या एका काकांनी मला प्रवेशाच्या दिवसांत फोन करून विचारलं होतं, "मॅडम, पोरीले तिथं ठेवाचं म्हंतो, पन कॉलेज कसं हाय?" त्या बापाला मी सहा घटनांचा आकडा सांगितला असता तर त्यानं शेजारच्या 'शून्य'वाल्या कॉलेजात नाव घातलं असतं, किंवा कुठंच घातलं नसतं. म्हणून नुसता आकडा टाकून चालणार नाही. सगळ्या कॉलेजांचे आकडे एकदम आले, सगळीकडे काही ना काही दिसलं, आणि प्रत्येक आकड्यासमोर 'पुढे काय केलं' हे लिहिलेलं असलं, तर बापाला तुलना करता येते. एकट्यानं खरं बोलणाऱ्या कॉलेजचं नुकसान होतं, म्हणूनच हे ऐच्छिक ठेवता येत नाही, ते सरकारनंच सक्तीचं करावं लागतं.

याला जोडून एक सांगते. सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे पहिलं पाऊल मुलींच्या हॉस्टेलचं फाटक लवकर बंद करण्याचं पडतं. त्यानं ग्रंथालयाचे तास बुडतात, आणि फाटकाबाहेर उभा असलेला मोटरसायकलवाला तिथंच राहतो. त्यानंतर मुली वॉर्डनला काही सांगतच नाहीत, कारण सांगितलं की आणखी एक बंधन येतं. म्हणजे 'निरंक' आणखी पक्कं होतं. विनियमांत कुठंही सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींवर वेळेची बंधनं घाला असं लिहिलेलं नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? थोडं आहे. नागपूर विद्यापीठ, शासकीय महाविद्यालयं आणि अनुदानित महाविद्यालयं यांना माहितीचा अधिकार लागू आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणानं परत येतो. नावं मागू नका. मागच्या तीन वर्षांत समितीकडे आलेल्या तक्रारींची संख्या, निकाली निघालेल्यांची संख्या, समितीच्या बैठकांच्या तारखा आणि यूजीसीला पाठवलेल्या वार्षिक अहवालाची प्रत, एवढं मागा. बैठकांच्या तारखा जरूर मागा, कारण वर्षात एकही बैठक न घेता 'निरंक' पाठवलेलं असेल तर ते तिथं लगेच दिसतं. खासगी विनाअनुदानित कॉलेज असेल तर त्याचा नॅकचा स्वयंमूल्यमापन अहवाल संकेतस्थळावर शोधा, त्यात तक्रार निवारणाची माहिती द्यावी लागते.

घटना घडलीच तर रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते, पोलिसांसाठी ११२. आणि ठाण्याची हद्द कुणाची, यावर वेळ घालवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट लिहिलं आहे की दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तो पुढे योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम.

आणि नागपूरकरांना एक सोय जास्तीची आहे. हिवाळी अधिवेशन आपल्या शहरात भरतं. सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनात आमदार तारांकित प्रश्न विचारतात आणि खात्याला उत्तर द्यावं लागतं. विद्यापीठाकडे आलेल्या रॅगिंग अहवालांपैकी किती निरंक होते आणि त्यातल्या किती कॉलेजांत कुणी प्रत्यक्ष जाऊन पडताळणी केली, हा प्रश्न आपल्या आमदाराच्या हातात लिहून द्यायला काही अडचण नाही. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, म्हणून दिवाळीपूर्वीच भेटायला हवं.

त्या मार्च महिन्यात मी बाबूंना 'निरंक' लिहू दिलं नाही. नमुन्याच्या खाली पेनानं एक ओळ घातली, 'तोंडी कळलेल्या घटना : तीन, नावे न देण्याची विनंती', आणि सही केली. आठ दिवसांनी तो कागद माझ्याकडे परत आला, सोबत नवा कोरा नमुना टाचलेला. शेरा होता, 'विहित नमुन्यात असा रकाना नाही.'